पंप शेवटी येतो

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेबारा वाजता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, "डी विंगमध्ये उलटं पाणी येतंय, इंजिनियर लोकांनी खाली या." आमच्या सोसायटीत इंजिनियर लोक म्हणजे जवळपास सगळेच. खाली आलो फक्त तिघं, आणि तिघंही सॉफ्टवेअरवाले. माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी पेमेंट अ‍ॅपच्या बॅकएंडची. ड्रेनेजबद्दलचं ज्ञान एवढंच की, फ्लश ओढला की ते जातं.

त्या रात्री ते जात नव्हतं, परत येत होतं. आमची सोसायटी शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर आहे. ए विंग वर, डी विंग सगळ्यात खाली. तळमजल्यावर ज्या काकू राहतात त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं आणि काकू खुर्चीवर पाय घेऊन बसल्या होत्या. चारही इमारतींचं मैलापाणी डी विंगच्या मागे एका टाकीत साठतं आणि तिथून पंपानं उचलून वरच्या रस्त्याच्या चेंबरमध्ये टाकलं जातं, ही माहिती मला तिथे राहायला आल्यानंतर चार वर्षांनी त्या रात्री मिळाली. पंप जळाला होता.

दीडच्या सुमाराला प्लंबर आला. त्याच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. मुलानं शर्ट काढला, कमरेला दोरी बांधली आणि टाकीच्या झाकणाकडे निघाला. कुणीतरी म्हणालं, "ते नेहमी करतात." मी गप्प होतो, हे कबूल करायला हवं. खुर्चीवरून काकू ओरडल्या, "माझ्या घरात घाण आली तर येऊ दे, पण त्याला आत उतरवलंत तर मी पोलिसांना फोन करीन." मुलगा थांबला. पहाटे चारला सक्शनचा टँकर आला.

त्यानंतरचे काही आठवडे मी ऑफिसचं काम उरकल्यावर मैलापाण्याच्या पंपांबद्दल वाचत होतो. महापालिकांच्या मराठीत त्याला 'मलजल उदंचन केंद्र' म्हणतात. शब्द अवघड आहे, पण अर्थ सरळ आहे, वर उचलण्याची जागा. या विषयात कुठूनही शिरलं तरी वाट फिरून एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला आणि जोसेफ बॅझलजेट नावाच्या माणसाला जाऊन मिळते. हा माणूस इंटरनेटवर भलताच लोकप्रिय आहे. त्याच्या नावावर एक गोष्ट फिरते, ती तुम्हीही एखाद्या रीलमध्ये पाहिली असेल. त्यानं म्हणे लंडनसाठी लागणाऱ्या गटारांचा व्यास काढला, मग म्हणाला, हे काम आपण एकदाच करणार आहोत, आणि व्यास दुप्पट केला. म्हणून लंडन दीडशे वर्षं वाचलं.

गोष्ट छान आहे. पण ती गोष्ट पाईपची आहे, आणि वाचत गेलो तसं मला दिसलं की खरी गोष्ट पंपाची आहे.

*

आधी लंडनला काय झालं होतं ते सांगतो. शहरातल्या घरांखाली मैल्याचे खड्डे असायचे, सुमारे दोन लाख. रात्री माणसं येऊन ते उपसायची आणि मैला खत म्हणून शेतांवर जायचा. गटारं होती, पण ती पावसाच्या पाण्यासाठी. घरातला मैला गटारात सोडायला १८१५ पर्यंत बंदीच होती. मग फ्लशचे संडास आले. एका फ्लशला जितकं पाणी लागतं ते सगळं खड्ड्यात जायला लागलं, खड्डे भराभर भरायला लागले, आणि लोकांनी ते गटारांना जोडले. गटारं थेम्स नदीला जोडलेली होतीच.

१८४८ मध्ये तर हे सक्तीचं झालं. एडविन चॅडविक हा त्या काळातला मोठा आरोग्य-सुधारक. रोग दुर्गंधीतून पसरतात असं तो मानत होता, म्हणून घरांखालची दुर्गंधी धुऊन नदीत सोडा, हा त्याचा उपाय. घरं साफ झाली. आणि त्याच नदीचं पाणी खासगी पाणी-कंपन्या उपसून त्याच घरांना प्यायला देत होत्या. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसं गेली. आमच्या कामात याला म्हणतात, एक बग फिक्स करताना प्रॉडक्शन पाडणं.

बॅझलजेट तेव्हा तिशीचा होता. त्याआधी रेल्वेच्या कामांच्या लाटेत त्यानं इतकं राबून घेतलं होतं की, १८४७ मध्ये तो पार कोलमडून पडला होता आणि काही काळ काम सोडून गावाकडे जाऊन राहिला होता. (हे वाचून मला तो एकदम आपल्यातला वाटला.) १८४९ मध्ये तो गटार आयोगात सहायक म्हणून लागला आणि १८५६ मध्ये नव्यानं स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचा मुख्य अभियंता झाला. त्यानं आराखडा दिला. सरकारनं तो परत पाठवला. घाण नदीत कुठे सोडायची यावरून दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार चालला.

मग १८५८ चा उन्हाळा आला. थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठी असलेल्या पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराईड ऑफ लाईममध्ये भिजवून लावावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत प्रश्न पोहोचल्यावर डिझरायलीनं १५ जुलैला विधेयक मांडलं आणि २ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. अठरा दिवस. तीस लाख पौंडांचं कर्ज काढायची मुभा मिळाली आणि सरकारचा नकाराधिकार गेला. याच उन्हाळ्यात, १६ जूनला, जॉन स्नो वारला. कॉलरा हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरतो हे ब्रॉड स्ट्रीटच्या हापशावरून दाखवून देणारा डॉक्टर. त्याचं म्हणणं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. लंडनची गटारं बांधली गेली ती वासाच्या भीतीनं, म्हणजे चुकीच्या कारणानं.

*

आता आराखडा. इथे थोडा भूगोल लागेल, पण तो समजला की पुढचं सगळं समजतं.

थेम्स पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्राकडे वाहते. जुनी गटारं उत्तर-दक्षिण होती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चढावरून खाली नदीत येणारी. बॅझलजेटनं त्यांना छेद देणाऱ्या मोठ्या आडव्या वाहिन्या आखल्या, नदीला साधारण समांतर, पश्चिम-पूर्व. जुनी गटारं नदीपर्यंत पोहोचण्याआधीच या वाहिन्या त्यांचं पाणी अडवून घेणार आणि शहराच्या पूर्वेला, पार खाली नेऊन सोडणार. उत्तरेला अशा तीन पातळ्या. सगळ्यात वरची वाहिनी हॅम्पस्टेडच्या टेकड्यांच्या बाजूनं, मधली ऑक्सफर्ड स्ट्रीटखालून, आणि सगळ्यात खालची नदीच्या अगदी काठानं. एकूण ८२ मैल आणि ३१.८ कोटी विटा.

पाणी वाहायला ढाळ लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक असतं. बॅझलजेटनं मुख्य वाहिन्यांना बऱ्याच ठिकाणी मैलाला फक्त दोन फूट ढाळ दिला, म्हणजे किलोमीटरला जेमतेम ३८ सेंटिमीटर. इतक्या कमी ढाळावर खेळ वेगाचा असतो. पाणी हळू गेलं तर गाळ तळाशी बसतो आणि वाहिनी बुजते. फार जोरात गेलं तर रेती विटा खरवडते. म्हणून छोट्या गटारांना अंड्याचा आकार दिला जाई, निमुळतं टोक खाली. पाणी थोडंच असलं तरी त्या चिंचोळ्या तळात त्याची उंची आणि वेग टिकतो. ही साधी भूमिती मला आमच्या कित्येक 'स्केलेबल' डिझाईनपेक्षा देखणी वाटते.

आणि आकडे. १८६५ मध्ये त्यानं लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत आपल्या कामावर एक निबंध वाचला. त्यात व्यास दुप्पट करण्याचं नाट्य नाही. आहे तो रोखठोक हिशोब. दर माणशी दिवसाला पाच घनफूट पाणी, म्हणजे सुमारे १४२ लिटर. त्यातलं निम्मं दिवसातल्या सहा तासांतच येणार, कारण सगळं शहर सकाळी एकदमच उठतं. त्या सहा तासांत वर पाव इंच पाऊस. वाहिनी निम्मी भरलेली असताना वेग ताशी दीड मैल.

हे आकडे वाचून मी केंद्र सरकारचं मलनिस्सारणाचं मॅन्युअल उघडलं, जे आज आपल्याकडचा प्रत्येक सल्लागार वापरतो. दर माणशी १३५ लिटर पाणी, महानगरात १५०. वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर. बॅझलजेटचा ताशी दीड मैल म्हणजे सेकंदाला ०.६७ मीटर! आणि साडेसात लाखांहून मोठ्या शहरासाठी गर्दीच्या वेळचा प्रवाह सरासरीच्या किती पट धरायचा? दोन पट. निम्मं पाणी पाव दिवसात, म्हणजे तेही दोनच पट. 'दुप्पट केलं' ही दंतकथा इथूनच निघाली असावी, असा माझा आपला अंदाज. दीडशे वर्षांत माणसाचं शरीर आणि त्याची सकाळ फारशी बदललेली नाही. फक्त तो पाव इंच पाऊस वाचून मात्र आपल्याला हसू येतं.

तर आकडे शहाणपणाचे होते, पण चमत्कारिक नव्हते. त्यानं सुमारे साडेचौतीस लाख लोकसंख्या धरली होती. १८८१ च्या जनगणनेत लंडन ३८ लाखांच्या पुढे गेलं होतं. म्हणजे त्याच्या हयातीतच हिशोब ओलांडला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या वाहिन्या टाकाव्या लागल्या. मग जुनी व्यवस्था टिकली कशी? कारण तिला सुटकेची वाट ठेवलेली होती. पाऊस जास्त झाला की वाढीव पाणी जुन्या तोंडांमधून थेट थेम्समध्ये जायचं. भार पेलला नाही तर नदीत सोडून द्यायचं, हे डिझाईनमध्येच होतं.

*

आता पंप.

वरच्या आणि मधल्या वाहिनीला पंप लागत नाही. हॅम्पस्टेडला राहणाऱ्या माणसानं फ्लश ओढला की, बाकीचं सगळं काम पृथ्वी फुकट करते. दिवसरात्र, कोळसा नाही, ऑपरेटर नाही, बिघाड नाही. अडचण खालच्या वाहिनीची. ती मुळातच नदीच्या काठानं, आणि मैलाला दोन फूट खाली जात जात शहराच्या पूर्व टोकाला पोहोचेपर्यंत इतकी खोल जाते की, तिचं पाणी पुढच्या वाहिनीत पडणं शक्यच नसतं. ते उचलावं लागतं. ॲबी मिल्स या ठिकाणी ३६ फूट, म्हणजे सुमारे तीन मजले.

दक्षिण किनाऱ्याची तऱ्हा आणखी वाईट होती. लॅम्बेथ, सदर्कचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली. जुनी गटारं ओहोटीच्या तेवढ्या वेळातच रिकामी व्हायची, भरती आली की तोंडं बंद आणि मैला तळघरांतून वर. मुंबईत भरती आणि पाऊस एकदम आले की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या पाण्याला डेप्टफर्डला १८ फूट उचलायचं आणि पुढे क्रॉसनेसला पुन्हा उचलायचं, साठवून ठेवायचं आणि भरती ओसरू लागली की सोडायचं, म्हणजे ओहोटी ते समुद्राकडे घेऊन जाईल.

क्रॉसनेसचं उद्घाटन ४ एप्रिल १८६५ ला खुद्द युवराजाच्या हस्ते झालं. चार अजस्र वाफेची इंजिनं, नावं राजघराण्यातली: व्हिक्टोरिया, प्रिन्स कन्सोर्ट, आल्बर्ट एडवर्ड, अलेक्झांड्रा. महाराणीचं नाव मैला उपसणाऱ्या यंत्राला! एकेका इंजिनाचं चाक ५२ टनांचं, तुळई ४७ टनांची, मिनिटाला अकरा फेरे आणि दर फटक्याला सहा टन मैलापाणी. आतलं ओतीव लोखंडाचं नक्षीकाम आजही फोटोत पाहिलं तर एखादं देऊळ वाटतं. एक इंजिन स्वयंसेवकांनी खपून पुन्हा चालू केलं आहे. तिथे जाऊन ते पाहायचं, हे माझ्या यादीत आहे.

तर १८६५ मध्ये फीत कापली गेली. वर्तमानपत्रांत कौतुक झालं. लंडनचा प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. उत्तरेकडची वरची आणि मधली वाहिनी चालू झाली होती, दक्षिणेची व्यवस्था चालू झाली होती. राहिली होती ती उत्तरेची खालची वाहिनी. पश्चिमेकडचा तिचा भाग नदीकाठच्या नव्या बांधातून, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटमधून, जायचा होता. त्याच बांधात भुयारी रेल्वेही जायची होती, म्हणून ते काम रखडलं होतं. पूर्वेकडचा, गोदी कामगारांच्या आणि विणकरांच्या ईस्ट एंडखालचा भाग मात्र बांधून तयार होता. विटा बसल्या होत्या, सिमेंट वाळलं होतं. फक्त ॲबी मिल्सचा पंप तयार नव्हता. पंप नाही म्हणून वाहिनी बंद, आणि वाहिनी बंद म्हणून ईस्ट एंडचा मैला पूर्वीसारखाच जवळच्या पाण्यात.

जून १८६६ च्या अखेरीस ली नदीजवळ राहणारं एक मजूर जोडपं कॉलऱ्यानं मेलं. त्यांच्या घरचा संडास ली नदीत रिकामा होत होता. तिथून थोड्याच अंतरावर, ओल्ड फर्डला, ईस्ट लंडन वॉटर कंपनीचे तलाव होते. जुलैमध्ये साथ फुटली, आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी ईस्ट एंडमध्ये. साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली.

विल्यम फार हा सरकारी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातला आकडेतज्ज्ञ. पूर्वी तोही दुर्गंधीवादीच होता. पण मृत्यूचे आकडे त्यानं मांडले तेव्हा ते एकाच पाणी-कंपनीच्या पाईपांच्या जाळ्यावर नेमके बसत होते. कंपनीच्या अभियंत्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितलं की, न गाळलेलं पाणी आम्ही देतच नाही. मग लोकांच्या नळांमध्ये चक्क ईल मासे सापडले. गाळणीतून ईल येत नाही.

फारनं बॅझलजेटला विचारलं, या भागाच्या ड्रेनेजचं काय? बॅझलजेटचं उत्तर साधारण असं होतं: दुर्दैवानं नेमका हाच भाग असा आहे जिथलं आमचं काम पूर्ण झालेलं नाही. वाहिनी झाली आहे, पण ॲबी मिल्सचं पंपिंग स्टेशन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होणार नाही. त्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं की, तिथे तात्पुरता पंप बसवण्याची शिफारस मी बोर्डाकडे करतो, तीनेक आठवड्यांत तो बसू शकेल.

तीन आठवडे. या एका आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तात्पुरता पंप तीन आठवड्यांत बसू शकत होता, तर तो आधीच का बसवला नाही? बॅझलजेट निष्काळजी नव्हता. सिमेंटची खेप न खेप तपासून घेणारा माणूस तो. मला वाटतं त्याचं उत्तर कामाच्या क्रमात आहे. मोठं काम टप्प्याटप्प्यानं उघडतात. आधी जे सोपं आणि ज्याला कमी भाग लागतात ते. गुरुत्वाकर्षणावर चालणारी वाहिनी खोदून झाली की लगेच चालू होते. पंपाच्या वाहिनीला इमारत हवी, इंजिन हवं, कोळसा हवा, विहीर हवी, म्हणून ती शेवटी. तांत्रिकदृष्ट्या हा क्रम अगदी बरोबर आहे. आम्हीही रिलीज असेच करतो. फक्त शहरात उंचावर कोण राहतं आणि सखल भागात कोण, हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे कुणाचाही वाईट हेतू नसताना, निव्वळ प्रोजेक्ट प्लॅनच्या तर्कानं, गरीब शेवटी येतात. १८६६ मध्ये कॉलऱ्यानं त्या प्लॅनमधला राहिलेला चौकोन नकाशावर अचूक शोधून काढला.

ॲबी मिल्स १८६८ मध्ये सुरू झालं. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली नाही. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं मेली, लंडनला काही झालं नाही. ईस्ट एंडच्या मृत्यूंनी स्नोचं म्हणणं खरं ठरवलं आणि फारचं मतपरिवर्तन केलं, असं आता पुस्तकांतून वाचायला मिळतं. विज्ञानाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचंच.

*

उचललेला मैला गेला कुठे, हेही सांगायला हवं. तो गेला बेक्टन आणि क्रॉसनेसला, शहराच्या हद्दीबाहेर, आणि तसाच्या तसा नदीत. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी 'प्रिन्सेस ॲलिस' नावाची सहलीची बोट याच पट्ट्यात एका कोळशाच्या जहाजावर आदळून बुडाली. तासाभरापूर्वीच दोन्ही तोंडांतून मैलापाणी सोडलेलं होतं. सहाशेहून जास्त माणसं मेली, आणि वाचलेल्यांनी त्या पाण्याचं जे वर्णन केलं त्यानंतर चौकशा, आयोग वगैरे झाले. १८८७ पासून गाळ वेगळा करून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकायला लागले. हे १९९८ पर्यंत चाललं!

आणि ती सुटकेची वाट? ती दीडशे वर्षं उघडीच राहिली. शहर वाढत गेलं तसा थोडासा पाऊसही पुरायला लागला. वर्षाला सुमारे ३.९ कोटी टन मैलामिश्रित पाणी थेम्समध्ये जात होतं. त्यासाठी नदीखालून २५ किलोमीटर लांब, ७.२ मीटर व्यासाचा नवा बोगदा खणला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो पूर्णपणे जोडला गेला. तो कुठे संपतो? ॲबी मिल्सला. तिथून पाणी आणखी एका बोगद्यानं बेक्टनला जातं आणि तिथे ते पुन्हा वर उचलावंच लागतं.

मुंबईकडे एक नजर टाकतो, कारण धागा थेट जोडलेला आहे. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळानं मुंबईत आलं. पाणी आलं, पण ते वापरून झाल्यावर जाणार कुठे याची व्यवस्था मागाहून, तुकड्यातुकड्यांनी. चॅडविकच्या लंडनसारखंच. वरळीच्या लव्ह ग्रोव्हला आजही पंपिंग स्टेशन आहे. (नाव ऐकून मला आधी तो एखादा कॅफे वाटला होता.) पण एक मोठा फरक आहे. मैल्याचे खड्डे उपसणारी माणसं लंडनमध्येही होती, ते काम वाफेनं बरंचसं संपवलं. मुंबईत ते काम हलालखोर म्हटल्या जाणाऱ्या जातीतली माणसं करत होती, टोपलीनं, डोक्यावरून. नगरपालिका त्यासाठी नागरिकांकडून 'हलालखोर कर' घ्यायची. म्हणजे आपल्याकडे पंपाचा खर्च टाळता येत होता, कारण उचलायला माणसं जन्मानं नेमून दिलेली होती. ज्या गोष्टीला पर्याय फुकटात उपलब्ध असतो तिचं बजेट कधी मंजूर होत नाही.

हाताने मैला उचलायला लावणं आणि संरक्षणाशिवाय गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आमच्या टाकीबद्दल आता मला एवढं कळतं की, मैलापाणी साठून राहिलं की त्यात हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास थांबतो, आणि माणसाला वाटतं हवा बरी झाली. म्हणूनच पंपाच्या विहिरीचा आकार ठरवणं ही कसरत असते. लहान ठेवली तर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते. मोठी ठेवली तर पाणी आत तासन्‌तास पडून कुजतं. आमची टाकी बिल्डरनं उरलेल्या जागेत मावेल तेवढी बांधली होती. दुसरा, राखीव पंप नकाशात होता, प्रत्यक्षात त्याचा नुसता कठडा होता.

आम्ही दोन नवे पंप घेतले. वर्गणीवरून मीटिंगमध्ये भांडण झालं. ए विंगच्या एका काकांचं म्हणणं होतं की, आमच्याकडे तर कधी काही त्रास नाही, आम्ही का द्यायचे? मी त्यांना लंडनची गोष्ट सांगायला लागलो, पण 'हॅम्पस्टेड' या शब्दाशीच त्यांनी फोन काढला. शेवटी सात विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. वरच्या टाकीच्या तळाशी आता फ्लोट आहे, पातळी वाढली की माझ्या फोनवर अलर्ट येतो. हा कोड मी लिहिलाय आणि पेमेंट अ‍ॅपपेक्षा त्याची मला जास्त काळजी असते.

रस्त्यावरच्या चेंबरमध्ये पडलेलं आमचं पाणी पुढे कुठे जातं, हेही एका रविवारी बाईकवरून पाहून आलो. दोन किलोमीटर खाली नाल्याच्या काठावर पत्रे ठोकलेला एक प्लॉट आहे. त्यावर 'नियोजित मलजल उदंचन केंद्र' अशी पाटी आहे. वाहिनी प्लॉटपर्यंत येऊन थांबली आहे, तिच्या तोंडातून पाणी नाल्यात पडतं. पलीकडच्या काठावर पन्नास-साठ घरांची वस्ती आहे. मी फोटो काढत होतो तेव्हा एक बाई हंडा धुता धुता म्हणाल्या, "साहेब, तुम्ही महापालिकेतले का?" नाही म्हणालो. "पाइप आला तेव्हा नारळ फोडला होता," त्या म्हणाल्या. "दोन दिवाळ्या झाल्या."